राहून गेलेले गणित पुन्हा धरताना

सोसायटीच्या खिडकीमागे बसून माझी तीस वर्षे होत आली. ठेवी घ्यायच्या, पावत्या लिहायच्या, मुदत संपली की व्याजासह रक्कम मोजून द्यायची, हे काम. व्याजाचे कोष्टक आता बघावे लागत नाही. पण २०२१ च्या पावसाळ्यात आमच्याच गावातल्या एका काकांनी खिडकीतून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या कोष्टकात नव्हते.

काका उसाच्या बिलातले दहा हजार ठेवायला आले होते. पूर्वी बारा टक्के मिळायचे, आता मिळत नाहीत, ही त्यांची नेहमीची तक्रार. ती संपल्यावर ते म्हणाले, "वर्षातनं एकदाच याज मोजतासा. दर म्हयन्याला मोजला तर जास्ती हुतंय न्हवं?"

"होतं की काका. थोडं होतं."

"आन रोज मोजला तर? घटकेघटकेला मोजला तर? मग मी लखपतीच की रं!"

रांगेतली माणसे हसली. मीही हसलो. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मात्र कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. हिशेबाला सोपे म्हणून काकांचे जुने बारा टक्केच धरले. वर्षातून एकदा व्याज मोजले तर दहा हजारांचे ११,२०० होतात. सहा महिन्यांनी मोजले तर ११,२३६. तिमाहीला ११,२५५. दरमहा ११,२६८. दररोज मोजले तर ११,२७४ रुपये ७५ पैसे. पुढे तासाला मोजा, मिनिटाला मोजा, आकडा ११,२७४ रुपये ९७ पैशांच्या आसपास येऊन थबकतो. काकांचा लखपती होण्याचा बेत ११,२७५ ची वेस ओलांडत नाही.

आकडे मला काढता आले. तो थांबतो का, हे सांगता येईना. उत्तर कॅल्क्युलसमध्ये आहे एवढे आठवत होते, कारण पी.यू.सी.ला ते मला होते. 'होते' एवढेच. शिकलो होतो असे म्हणण्याचे धाडस होत नाही.

आपल्या भागातल्या पुष्कळ वाचकांना ही गोष्ट स्वतःची वाटेल. १९९१ साली मी एस.एस.एल.सी. झालो, मराठी माध्यमातून, गणितात शंभरपैकी ८६. गुरुजींनी वर्गात उभे करून शाबासकी दिली. महिन्याभराने तालुक्याच्या कॉलेजात विज्ञान शाखेला नाव घातले आणि पहिल्याच दिवशी पाटी कोरी झाली. फळ्यावर इंग्रजी, आणि कुणाला समजले नाही की सर समजावून सांगायचे ते कन्नडमध्ये. सर चांगले होते, मनापासून शिकवायचे. पण आम्ही मराठी शाळांतून आलेली दहा-बारा मुले त्या दोन भाषांच्या मधल्या फटीत बसलेलो होतो. 'स्लोप' म्हणजे आपला 'चढ', हे मला कळायला दिवाळी उजाडली. चढ मला येत होता हो. स्लोप येत नव्हता. १९९३ ला कसाबसा पास झालो, गणिताला रामराम ठोकला आणि नोकरी धरली.

कर्नाटकात मराठी माध्यमाचे शिक्षण दहावीपर्यंत मिळते. सरकारी पाठ्यपुस्तके ज्या सात माध्यमांत निघतात त्यांत मराठी आहे. पुढे पी.यू.सी. विज्ञानाला इंग्रजी. गोव्यात तर चौथीनंतर बहुतेकांना इंग्रजीच धरावी लागते. आणि चंदगड, कागल, गडहिंग्लजला जाऊन शिकलो असतो तर सुटलो असतो, असे कुणी म्हणेल तर तेही खरे नाही. महाराष्ट्रातही अकरावी विज्ञानाचे गणित इंग्रजीतच शिकवले जाते. तेव्हा हा खड्डा केवळ सीमेवरचा नाही. फरक इतकाच की आपल्याकडे तो ओलांडताना हात द्यायला येणारा माणूस तिसऱ्याच भाषेत बोलतो.

पहिली निवड चुकली

काकांच्या प्रश्नाने डोक्यात घर केले. वय शेहेचाळीस, मुलगी कॉलेजात, संध्याकाळी दोन तास मोकळे. म्हटले, दूरशिक्षणाने गणित पुन्हा करू. आणि इथे मी जी चूक केली ती सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे, कारण तीच चूक करायला निघालेली तीन माणसे गेल्या दोन वर्षांत मला भेटली.

मी थेट बीएस्सीला नाव घातले. बारावी विज्ञान पास असल्याची गुणपत्रिका होती, नियमात बसत होतो. मनातला खरा हिशेब वेगळा होता. शिकायचेच तर नावापुढे पदवी लागावी, आणि गावाला सांगताना 'दहावीचे पुस्तक वाचतोय' म्हणण्यापेक्षा 'बीएस्सी करतोय' म्हणणे बरे. अर्ज भरताना मी गणिताचा विचार केलाच नाही, लोकांचा केला.

पुस्तके यायला दोन महिने लागले. आली ती इंग्रजी. पुस्तके वाईट नव्हती. ज्याला बारावीचे गणित ताजे आहे त्याच्यासाठी उत्तम होती. पहिल्या भागात 'लिमिट'ची व्याख्या आली, त्यात एप्सिलॉन आला, डेल्टा आला, आणि "प्रत्येक अमुकासाठी असा एक तमुक असतो की" अशा बांधणीचे एक वाक्य आले. ते वाक्य मी चाळीस वेळा वाचले असेन. इंग्रजी शब्द सगळे ओळखीचे होते. त्यातला आशय अनोळखी होता आणि तो धरायला लागणारा बीजगणिताचा हात तीस वर्षांत लुळा पडला होता. पुढच्या पानावर वर्गसमीकरणाचे अवयव पाडून एक पायरी गाळली होती. मला तीच पायरी जमेना. स्वाध्याय पाठवायची तारीख गेली. परीक्षेच्या दिवशी मी सोसायटीत होतो. फी गेली, वर्ष गेले. त्याहून वाईट म्हणजे आपल्याला गणित येत नाही ही १९९३ ची समजूत पुन्हा एकदा पक्की झाली.

मुलीने एका रात्री सहज विचारले, "बाबा, तुम्ही दहावीचं पुस्तक का नाही घेत आधी?"

मला राग आला. तो का आला, हे समजायला आठवडा लागला.

आधी पातळी, मग माध्यम, मग संस्था

आता जो क्रम सांगतो तो मी उलटा केला होता. माणसे प्रथम संस्था निवडतात, मग तिथे जे माध्यम असेल ते पत्करतात आणि पातळीचा विचार नापास झाल्यावर करतात.

पातळी ओळखायला कुणाकडे जावे लागत नाही. चार गणिते कागदावर सोडवून पाहा, कॅल्क्युलेटर आणि मोबाईल बाजूला ठेवून. पहिले: तीन चतुर्थांश अधिक पाच षष्ठांश. दुसरे: (क्ष + ३) ला (क्ष − ५) ने गुणा. तिसरे: पाच पेन आणि तीन वह्यांचे १३५ रुपये, तीन पेन आणि पाच वह्यांचे १६१ रुपये, तर एका पेनची व एका वहीची किंमत किती? चौथे: क्ष वर्ग वजा पाच क्ष अधिक सहा बरोबर शून्य, तर क्ष किती? पहिल्या दोनांत अडलात तर आठवीच्या पुस्तकापासून सुरुवात करा. तिसऱ्या-चौथ्यात अडलात तर दहावीपासून. चारही विनासायास सुटली तरच बारावीच्या पातळीला हात घाला. आणि पदवीचा अर्ज बारावीचे पुस्तक पुरे झाल्यावर भरा. गुणपत्रिका कपाटात आहे म्हणून तो भरू नका. (उत्तरे: एकोणीस बारांश, क्ष वर्ग वजा दोन क्ष वजा पंधरा, पेन १२ रुपये, वही २५, क्ष दोन किंवा तीन.)

मी चौथ्यात अडलो. दहावीला ८६ मिळवणारा मी. तिसरे सोडवले, पण कसे तर अंदाजाने आकडे घालून. दोन्ही समीकरणांची बेरीज केली की आठ पेन आणि आठ वह्यांचे २९६, म्हणजे एका जोडीचे ३७. वजाबाकी केली की दोन वह्या दोन पेनांपेक्षा २६ ने महाग, म्हणजे एक वही एका पेनापेक्षा १३ ने महाग, हा जुना डाव पुस्तक उघडल्यावर आठवला. तेव्हा जो आनंद झाला तो पगारवाढीने झाला नव्हता.

मग चार महिने मी कुठेही नाव घातले नाही. बालभारतीची दहावीची गणिताची दोन्ही पुस्तके, बीजगणित आणि भूमिती, संगणकावर फुकट उतरवून घेता येतात. मुलीने ती छापून आणून दिली. रोज एक तास, पहाटे. मराठीत. पायरी न गाळता. कुणाला सांगितले नाही.

माध्यमाबद्दल माझे मत थोडे वादाचे आहे, तरी सांगतो. समजून घेण्याची भाषा आणि परीक्षा देण्याची भाषा या एकच असल्या पाहिजेत असा आपला समज आहे. लहान मुलांच्या बाबतीत तो योग्य असेल. प्रौढ माणसाने या दोन भाषा वेगळ्या ठेवायला शिकावे. मी समजायला मराठी ठेवली, आधाराला हिंदी आणि उत्तरपत्रिकेला इंग्रजी. हिंदी अशासाठी की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ या दोन्हींचे पुष्कळ साहित्य हिंदीत आहे, आणि हिंदीतल्या पारिभाषिक शब्दांतून आपल्याला निदान आत डोकावता येते. इंग्रजी 'डेरिव्हेटिव्ह' हा शब्द माझ्याशी काही बोलत नाही. हिंदीतला 'अवकलज' निदान सांगतो की कशातून तरी काहीतरी काढले आहे.

आणि 'लिमिट'ला हिंदी पुस्तकात शब्द आहे 'सीमा'. तो वाचून मी पहाटे एकटाच हसलो. जन्मभर ज्या शब्दाच्या भागात राहिलो, वर्तमानपत्रात रोज जो वाचला, तोच काकांच्या प्रश्नाचे उत्तर होता. एखादी राशी ज्या आकड्याच्या हवी तितकी जवळ जाते, तो आकडा म्हणजे तिची सीमा.

चार रकान्यांची वही

याच वेळी मी एक वही घातली. पानावर चार रकाने: मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी. नवा शब्द आला की चारही रकान्यांत, अर्थात सगळे देवनागरीत. कन्नड रकान्यासाठी सोसायटीतले आमचे कन्नड सहकारी मदतीला आले. त्यांच्या मुलीचे दहावीचे पुस्तक त्यांनीच आणून दिले.

वही भरत गेली तशा गमती दिसू लागल्या. आपला त्रिकोण हिंदीत आणि कन्नडमध्ये त्रिभुज आहे. आपण कोन मोजतो, ते बाजू मोजतात. आपली मूळ संख्या हिंदीत अभाज्य, कन्नडमध्ये अविभाज्य. लसावि हा शब्द आपण इतका तोंडात घोळवला आहे की तो 'लघुतम साधारण विभाज्य'चा संक्षेप आहे हे विसरलो. कन्नड मुले त्यालाच 'लसाअ' म्हणतात. आणि जे वर्गसमीकरण मला दोनदा आडवे आले, ते हिंदीत द्विघात समीकरण होते, पण कन्नडमध्ये? वर्ग समीकरणच! १९९१ साली सर ज्या भाषेत समजावत होते तिच्यात माझाच शब्द होता. मी कान बंद करून बसलो होतो म्हणून तो ऐकू आला नाही.

संख्यांच्या वाचनाचेही तसेच. आपण 'एकवीस' म्हणतो, म्हणजे एक आधी, वीस नंतर. कन्नडमध्ये 'इप्पत्तोंदु', वीस आधी, एक नंतर. आपले त्रेपन्न त्यांच्याकडे 'ऐवत्तमूरु', पन्नास-तीन. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'पन्नास तीन' अशा वाचनाची पद्धत दिली गेली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. आपल्या गावातल्या मुलांना त्यात नवे काही नव्हते. दुकानात ती दोन्ही ऐकतातच. मराठी त्रेपन्नाला माझे प्रेम आहे, ते जाऊ नये असेच मला वाटते. पण आकडे लिहायला शिकताना त्रेपन्नचे पस्तीस करणारी पोरे मी पाहिली आहेत, तेव्हा या वादात कुणालाच मूर्ख म्हणवत नाही.

आमच्या आत्याला शाळा दोन वर्षांचीच. पण तिला पावकी, निमकी, सवायकी, दिडकी आणि औटकीसुद्धा पाठ. औट म्हणजे साडेतीन. साडेतीन बाराला बेचाळीस हे ती श्वासात सांगते. मी तिला विचारले, साडेतीन आणि बारा कशाला गुणायचे कुणी? ती म्हणाली, "साडेतीन रुपयाचं मापटं बारा मापटी घेटलं की. तुज्यावानी कागूद शोधत बसू?" तिचे हे गणित कुठल्याच अभ्यासक्रमाच्या पातळीत मोजले जात नाही. मात्र प्रौढपणी गणिताकडे वळणाऱ्याने, विशेषतः बायकांनी, आपल्याला काहीच येत नाही असे धरून बसू नये, एवढ्यासाठी हे लिहिले.

नाव कुठे घालावे

दहावी राहून गेली आहे अशांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था हा सरळ मार्ग आहे. १९८९ साली ती राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून सुरू झाली, २००२ मध्ये सध्याचे नाव आले. वयाची खालची अट चौदा, वरची अट नाही. एकदा नाव घातले की पाच वर्षे आणि परीक्षेच्या नऊ संधी. विषय एकेक करून सोडवता येतात, सुटलेला जमेला राहतो. वर्षात दोनदा परीक्षा, उत्तीर्ण व्हायला तेहतीस टक्के. दहावीच्या पातळीला तिथे मराठी माध्यम आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. बारावीच्या पातळीला गणितासाठी हिंदी किंवा इंग्रजी धरावी लागते.

आमच्या शेजारच्या वहिनी सातवीला शाळा सुटलेल्या. स्त्रीशक्ती संघाच्या हिशेबाची वही त्यांच्याकडे. त्यांनी दहावीसाठी चौकशी केली तेव्हा एका मध्यस्थाने सल्ला दिला: पाच विषय लागतात, गणित सक्तीचे नाही, ते सोडा, लवकर पास व्हाल. सल्ला खोटा नव्हता. तिथे गणित खरोखरच ऐच्छिक आहे, आणि ज्याला केवळ दहावीचा कागद हवा त्याने ते टाळले तर मी दोष देणार नाही. पुढे तंत्रशिक्षणाच्या काही वाटा मात्र गणिताशिवाय बंद होतात, हे मध्यस्थ सांगत नाहीत. वहिनींनी विचारले, "मग मी शिकूलोय कशाला? हिशेबातच तर मला गंडवत्यात." त्यांनी गणित घेतले, मराठीतून. चक्रवाढ व्याज कसे काढतात ते शिकल्यावर त्यांनी संघाच्या कर्जाचे तीन वर्षांचे जुने हिशेब पुन्हा तपासले. त्यात काय निघाले ते संघाचे संघात राहू दे.

मी स्वतः त्याच संस्थेच्या बारावीच्या गणिताला नाव घातले, फक्त त्या एका विषयाला. याला अंशतः प्रवेश म्हणतात. पुरे प्रमाणपत्र मिळत नाही, त्या विषयाची गुणपत्रिका मिळते. मला तेवढीच हवी होती. शिक्षकांकडून तपासून येणाऱ्या स्वाध्यायांना वीस टक्के गुण आहेत. ते नुसते गुण समजू नका. घरी एकट्याने शिकणाऱ्याच्या वहीवर दुसऱ्याची लाल शाई पडण्याची तेवढीच जागा आहे.

पदवीकडे जायचे असेल तर वेळेचे गणित आधी करा. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात एक क्रेडिट म्हणजे तीस तासांचा अभ्यास. कॅल्क्युलसचा एकच अभ्यासक्रम सहा क्रेडिटचा, म्हणजे १८० तास. रोज एक तास धरला तर तो एकच विषय सहा महिने खातो. पुऱ्या पदवीचे १२० क्रेडिट धरले तरी ३,६०० तास होतात. मिळतात ती जास्तीत जास्त सहा वर्षे घेतली तरी रोज दीड तासाहून अधिक, एकही सुट्टी न घेता. लावणी, लग्नसराई, यात्रा, आजारपण हे सगळे त्यातच आले. या विद्यापीठाची पाठ्यपुस्तके 'ई-ज्ञानकोश'वर कुणालाही फुकट वाचता येतात. तेव्हा फी भरण्याआधी पहिल्या पुस्तकाची पहिली वीस पाने वाचून पाहण्याला काहीच आडकाठी नाही. मी तेवढे केले असते तर माझे एक वर्ष वाचले असते.

सीमेवरच्या माणसाने आणखी एक गोष्ट जपावी. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात मराठीतून कला, वाणिज्य करता येते, म्हणून आपली माणसे तिकडे पाहतात. पण राज्यांच्या मुक्त विद्यापीठांनी दूरशिक्षणाची केंद्रे आपल्या राज्याच्या हद्दीतच चालवावीत, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे. आपल्याच गावात, आपल्याच गल्लीत परराज्याच्या विद्यापीठाचे 'केंद्र' असल्याची पाटी दिसली तर आधी चौकशी करा. मान्यतेचेही तसेच. म्हैसूरचे कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ १९९६ पासूनचे, सरकारी. तरी आयोगाची मान्यता २०१३ नंतर काही वर्षे गेली होती आणि २०१८ मध्ये परत मिळाली. मधल्या काळात शिकलेल्यांनी काय सोसले ते आपल्या ओळखीत कुणी ना कुणी सांगेल. मान्यता संस्थेला एकदाच मिळून संपत नाही. कोणत्या वर्षी, कोणत्या अभ्यासक्रमाला, हे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत पाहावे. ऐकीव माहितीवर पैसे भरू नयेत.

ज्यांना कागद नकोच, नुसते शिकायचे आहे, त्यांना केंद्र सरकारच्या 'स्वयम्'वर २०१७ पासून फुकट अभ्यासक्रम आहेत. परीक्षा द्यायची तरच फी. बहुतेक इंग्रजीत आहेत. मी एक ऐकायला घेतला. वक्ता चांगला होता, पण मी वही उघडायचो नाही, ऐकत बसायचो आणि समजल्यासारखे वाटायचे. माझ्या प्रकृतीला छापील पुस्तकच मानवते. तरुणांचे वेगळे असेल.

गणिताच्या बाबतीत सीमेची भांडणे काही आजची नाहीत. भास्कराचार्य १११४ साली जन्मले. त्यांचे गाव कोणते यावर अजून एकमत नाही. कोणी विजापूर म्हणतात, कोणी चाळीसगावजवळच्या पाटणकडे बोट दाखवतात. पाटणला तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथे मठ काढला आणि त्याला दाने मिळाली, त्याची ती नोंद. वरचा मजकूर संस्कृतात आहे. शेवटी दानाचा तपशील येतो, कुणी काय द्यायचे, तो मराठीत. शास्त्र एका भाषेत आणि व्यवहार दुसऱ्या भाषेत, ही वाटणी आठशे वर्षांपूर्वीही होती तर.

गेल्या ऑक्टोबरात मी परीक्षा दिली. केंद्रावर माझ्या बाकाशेजारी माझ्या मुलीपेक्षा लहान पोरगा होता. त्याने मला पर्यवेक्षक समजून नमस्कार केला. पेपर इंग्रजीत लिहिला. कच्च्या कामाच्या पानावर मात्र माझ्याकडून 'समजा', 'म्हणून', 'इति सिद्धम्' मराठीतच लिहिले गेले. एकसष्ट गुण मिळाले. एकसष्ट म्हणजे फार नव्हेत. १९९३ च्या गुणपत्रिकेला मात्र मी ते शेजारी ठेवून पाहिले.

निकाल लागला त्या आठवड्यात काका ठेवीची मुदत वाढवायला आले. मी त्यांना थांबवले, पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूला पाच आकडे लिहून दाखवले: ११,२००, ११,२३६, ११,२५५, ११,२६८, ११,२७४. मधली वाढ बघा म्हटले, आधी छत्तीस, मग एकोणीस, मग तेरा, मग सहा. मोजणी वाढवत नेली तरी वाढ आटत जाते, आणि सगळे मिळून या एका आकड्याच्या आत राहते. त्याला सीमा म्हणायचे.

काकांनी पावती उलटसुलट करून पाहिली. "म्हंजे कितीबी चरली तरी म्हस कुंपणाच्या भायेर जाईत न्हाई."

"बरोबर."

"आन कर्जाच्या याजाला बी हेच कुंपण हाय, का तिथनं म्हस सुटतीया?"

रांग पुन्हा हसली. एका वर्षाचे कर्ज असेल तर हेच कुंपण, पण थकले आणि वर दंडव्याज चढले तर आकडे वेगळे, असे मी सांगू लागलो. मागून कुणीतरी ओरडले, "साहेब, पावती द्या वो आधी, बस सुटतीया."